सर्व्हे नक्की कुणाला जातो, हे विचारलं तो दिवस

मी एका सर्व्हिस कंपनीच्या रिसर्च टीममध्ये काम करते. काम म्हणजे ग्राहकांचे सर्व्हे, तक्रारींचा डेटा आणि दर तिमाहीच्या मोठ्या मीटिंगसाठी या सगळ्याचा रिपोर्ट. हा अनुभव अशाच एका मीटिंगचा आहे. कंपनीचे खरे आकडे बाहेर सांगता येत नाहीत, म्हणून गोल करून लिहितेय, पण प्रमाण तेच ठेवलंय कारण सगळा मुद्दा प्रमाणाचाच आहे.

झालं असं की तक्रारी घ्यायची पद्धत बदलली होती. आधी ग्राहक फोन करायचे, आता काही भागांत अ‍ॅपवर तक्रार टाकायची सोय केली, तिकीट नंबर मिळतो, काम झालं की तिकीट क्लोज होतं. मीटिंगमध्ये ऑपरेशन्सच्या टीमने स्लाइड लावली: समाधानी ग्राहक आधी ६० टक्के, आता ८२ टक्के. समाधानी म्हणजे १ ते ५ मध्ये ४ किंवा ५ देणारे. खाली बारीक अक्षरात उत्तरं ९,०००, मार्जिन ऑफ एरर (म्हणजे योगायोगामुळे आकडा दोन्ही बाजूंना साधारण किती हलू शकतो) ०.८ टक्के, पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. आणि पुढच्या स्लाइडवर थेट प्रस्ताव, की हीच पद्धत सगळीकडे लागू करायची आणि फोनवरची टीम निम्मी करायची.

गणित चुकलेलं नव्हतं, हे आधी सांगते. ९,००० उत्तरांत ८२ टक्के असतील तर ९५ टक्के कॉन्फिडन्सला मार्जिन ०.८ च्याच आसपास येतं, मी तिथेच वहीत करून बघितलं. पण २२ टक्क्यांची उडी एका तिमाहीत? ग्राहकांचं मत इतक्या पटकन सहसा हलत नाही. आकडा अचानक एवढा हलला की मी आधी बघते की माणसं बदलली की मोजायची पद्धत बदलली, आणि बऱ्याचदा मोजायची पद्धतच बदललेली निघते.

म्हणून मी एवढंच विचारलं, "सर, हा सर्व्हेचा मेसेज नक्की कुणाला जातो?"

ऑपरेशन्स हेड म्हणाले, "सगळ्या ग्राहकांना. ऑटोमॅटिक आहे."

"सगळ्यांना म्हणजे तक्रार टाकल्यावर की तक्रार सुटल्यावर?"

कुणालाच नक्की माहीत नव्हतं. सिस्टीम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याला फोन लावला, त्याने दोन मिनिटांत बघून सांगितलं: तिकिटाचं स्टेटस क्लोज झालं की मेसेज जातो. आणि जुन्या पद्धतीत? तेव्हा प्रत्येक कॉल संपला की मेसेज जायचा, काम झालेलं असो वा नसो.

म्हणजे आधीच्या ६० टक्क्यांत तक्रार अडकलेले लोकही होते, आणि आताच्या ८२ टक्क्यांत फक्त तक्रार सुटलेले. ज्यांची तिकिटं अजून ओपन आहेत त्यांना प्रश्न गेलाच नाही, मग ते नाराज आहेत हे कळणार कुठून? मी तिकिटांचा आकडा मागवला. तिमाहीत ५०,००० तक्रारी आलेल्या, त्यातल्या ३०,००० क्लोज, २०,००० ओपन. चाळीस टक्के लोक मोजणीच्या बाहेर होते, आणि बाहेर राहण्याचं कारणच त्यांचं काम न होणं हे होतं. योगायोगाने चाळीस टक्के यादीतून गळले असते तर इतकं बिघडलं नसतं. इथे तर सोप्या तक्रारी पटकन सुटतात आणि किचकट रेंगाळतात, त्यामुळे जी यादी हातात होती तिच्यात सोप्या कामांचाच भरणा होता.

हेडसाहेबांचं म्हणणं होतं की ९,००० हा केवढा मोठा सॅम्पल आहे, थोडाफार फरक असेल तर तो भरून निघेल. हा समज मला फार ठिकाणी दिसतो आणि तो समजावून सांगायला मी कधी कंटाळत नाही. सॅम्पल मोठा केला की स्टँडर्ड एरर कमी होते, म्हणजे योगायोगाने होणारी वरखाली कमी होते. पण यादीतच एक गट नसेल तर ती चूक सॅम्पल वाढवून कमी होत नाही, ९,००० चे ९०,००० केले तरी बायस, म्हणजे आकड्याचा एका बाजूला असलेला कल, जागच्या जागी राहतो, फक्त चुकीच्या आकड्याभोवतीचं मार्जिन आणखी अरुंद होतं आणि आपल्याला तो आकडा आणखी पक्का वाटायला लागतो. पी-व्हॅल्यूचंही तेच. ती सांगते की निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता किती. फरक नव्या पद्धतीमुळे पडला की मेसेज वेगळ्या लोकांना गेल्यामुळे, हे तिला माहीतच नसतं.

मग मी १९३६ सालची अमेरिकेची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक सांगितली. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने जवळपास १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून अंदाज काढला की रिपब्लिकन उमेदवार लँडन ५७ टक्के मतं घेऊन जिंकणार. प्रत्यक्षात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टला ६० टक्क्यांहून जास्त मतं पडली, लँडनला फक्त दोन राज्यं मिळाली. यादी टेलिफोन डिरेक्टरी, मोटारीची नोंदणी अशा ठिकाणांहून घेतलेली, म्हणजे मंदीच्या काळात बऱ्या परिस्थितीतल्या लोकांकडे झुकलेली, आणि वर ज्यांना पत्रिका मिळाल्या त्यातल्याही चारात एकाच्या आसपास लोकांनी ती परत पाठवली. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपने ५०,००० च्या आसपास लोकांवरून रूझवेल्ट जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं. आमच्या ९,००० ला मोठा म्हणणाऱ्यांनी हा २० लाखांचा आकडा ऐकला आणि खोलीतली चर्चा बदलली. आता मोठा-छोटा सोडून सगळे कोण आत आणि कोण बाहेर यावर बोलायला लागले.

एमडी मॅडमनी निर्णय थांबवला आणि मला विचारलं, "खरा आकडा कळायला किती दिवस लागतील?" मी एक आठवडा मागितला.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. यादी घेतली ती सगळ्या ५०,००० तक्रारींची, क्लोज आणि ओपन दोन्ही. तिचे दोन गट केले आणि त्याच प्रमाणात रँडम नंबरने ४०० नावं काढली, २४० क्लोजमधली, १६० ओपनमधली. याला स्ट्रॅटिफाइड सॅम्पलिंग म्हणतात, आणि गट एकमेकांपासून इतके वेगळे असतात तेव्हा त्याचा फायदा सरळ दिसतो. ४०० च का, असं दोघांनी विचारलं. साध्या रँडम सॅम्पलला ४०० मध्ये जास्तीत जास्त ५ टक्क्यांचं मार्जिन येतं आणि आमचा प्रश्न ८२ खरे की खोटे असा ढोबळ होता, त्याला तेवढं पुरेसं होतं. ५०,००० पैकी ४०० असोत की ५० लाखांपैकी ४००, मार्जिन जवळपास तेवढंच राहतं, हे लोकांच्या गळी उतरवणं मला नेहमी सगळ्यात अवघड जातं.

प्रश्नही बदलावा लागला. अ‍ॅपच्या मेसेजमध्ये होतं "आमच्या वेगवान आणि सोप्या नव्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात?" यात प्रश्नानेच उत्तर सुचवलंय, आणि वेगवान पण किचकट वाटली असेल तर माणसाने काय लिहायचं? आम्ही साधं ठेवलं. तुमच्या तक्रारीचं काम झालं का, आणि ज्या पद्धतीने ते हाताळलं गेलं त्याला १ ते ५ मध्ये किती द्याल.

फोन करायला आमच्या टीममधल्या दोघी बसल्या. ४०० नावं रँडम पद्धतीनेच अर्धी अर्धी वाटली, म्हणजे विचारणाऱ्या व्यक्तीमुळे उत्तर बदलतंय का हे नंतर तपासता येतं. ही युक्ती संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांची, बंगालमधल्या तागाच्या पिकाच्या सर्व्हेत त्यांनी ती वापरली होती, एकाच भागातले स्वतंत्र नमुने वेगवेगळ्या लोकांकडून गोळा करायचे आणि उत्तरं जुळतात का बघायचं. इतकी वर्षं झाली तरी छोट्या टीमसाठी याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही. त्या दोघींचे आकडे मार्जिनच्या आत जुळले.

एक नियम मात्र कडक ठेवला होता, फोन उचलला नाही तर पुढचं नाव घ्यायचं नाही. त्याच माणसाला वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी परत फोन. पहिल्या दिवशी एकीने विचारलं, "मॅडम, यादीत एवढी माणसं आहेत, दुसऱ्याला लावते ना, आकडा लवकर पूर्ण होईल." मी तिला म्हटलं, अगं, मग आपणही फक्त उचलणाऱ्यांचाच सर्व्हे करू, जे बिझी असतात, चिडलेले असतात, अनोळखी नंबर घेत नाहीत ते सगळे परत बाहेर, आणि आपण तर बाहेर राहिलेल्यांसाठीच हे सगळं करतोय. ती संध्याकाळपर्यंत न कुरकुरता तेच नंबर लावत बसली आणि शेवटी सगळ्यात जास्त लोकांशी बोलणं तिचंच झालं.

ओपन तिकीटवाल्यांचे काही फोन मी शेजारी बसून ऐकले. एक बाई म्हणाल्या की तक्रार टाकून दोन महिने झाले, तेवढ्यात हा पहिला फोन, आणि तुम्ही तरी माझं काम करणार आहात का? सर्व्हे करणाऱ्याने आश्वासन द्यायचं नसतं, तरी त्यांचा तिकीट नंबर मी लिहून घेतला आणि बोलणं संपल्यावर ऑपरेशन्सला पाठवला. हे रिसर्चच्या शिस्तीत बसतं की नाही यावर टीममध्ये वाद झाला. मला वाटतं बसतं, उत्तर नोंदवून झाल्यावर मदत केली तर डेटा बिघडत नाही.

४०० पैकी ३०० लोकांशी बोलणं झालं, दोन्ही गटांत चारातले तीन. क्लोजवाल्या १८० पैकी १३७ समाधानी, म्हणजे ७६ टक्के. ओपनवाल्या १२० पैकी १८, म्हणजे १५ टक्के. दोन्ही गटांना यादीतल्या त्यांच्या प्रमाणाइतकं, ६० आणि ४० टक्के, वजन लावून एकूण ५२ टक्के, मार्जिन साधारण साडेचार. म्हणजे मीटिंगमधला आकडा होता ८२ आणि मार्जिन ०.८, इतका नेमका आणि खऱ्यापासून इतका लांब. क्लोजवाल्यांतसुद्धा ८२ नाही, ७६ आले, कारण मेसेजला आपणहून उत्तर देणारे आणि फोन करून गाठलेले लोक वेगळे असतात.

सरासरी काढली तर ३ च्या थोडी वर आली. पण ३ देणारे लोक फारच थोडे होते. आलेख काढला तेव्हा दोन डोंगर दिसले, एक ५ वर आणि एक १ वर, मधे दरी. नुसती सरासरी लिहिली असती तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की ग्राहकांचं मत ठीकठाक आहे, आणि असा ठीकठाक ग्राहक जवळपास कुणीच नव्हता. म्हणून मी रिपोर्टमध्ये सरासरी खाली टाकली आणि आलेख वर.

दुसऱ्या मीटिंगमध्ये हेडसाहेबांनी विचारलं की जे १०० लोक मिळाले नाहीत त्यांचं काय, कशावरून ते समाधानी नसतील? प्रश्न एकदम रास्त होता आणि त्यांनी तो विचारला याचा मला आनंद झाला, कारण आदल्या आठवड्यात हाच प्रश्न त्यांच्या ९,००० ला लागू होता. मी उत्तर तयार ठेवलं होतं. समजा ते सगळेच्या सगळे १०० समाधानी धरले, तरी १५५ अधिक १०० म्हणजे ४०० पैकी २५५, ६४ टक्के. उत्तम धरून चाललं तरी ८२ च्या जवळपास जात नाही. त्यांनी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघितलं आणि मान हलवली.

मग प्रश्न आला की आधीचे ६० आणि आताचे ५२, म्हणजे नवी पद्धत वाईट आहे असं म्हणायचं का. मी नाही म्हटलं. जुने ६० सुद्धा मेसेजला उत्तर देणाऱ्यांचे होते, प्रश्नाचे शब्द वेगळे होते, त्यामुळे ही दोन मापं शेजारी ठेवून निकाल काढता येत नाही. ८२ चं खंडन झालं, एवढंच आम्ही सिद्ध केलं होतं. त्यापुढे एक शब्दही बोलायचा नाही असं मी ठरवूनच गेले होते, कारण चुकीचा आकडा खोडला की लोकांना लगेच उलटा निष्कर्ष हवा असतो आणि तिथे घसरणं सोपं असतं.

पद्धत सगळीकडे लागू करायचा आणि फोनची टीम कमी करायचा प्रस्ताव मागे घेतला गेला. त्याऐवजी जिथे अजून अ‍ॅप गेलेलं नाही अशा भागांची यादी करून चिठ्ठ्या टाकल्यासारखे रँडम निवडले, अर्ध्यांत अ‍ॅप, अर्ध्यांत फोन, आणि दोन्हीकडे तक्रार आल्यापासून ठरावीक दिवसांनी सर्व्हे जाणार, तिकीट क्लोज असो की ओपन, प्रश्नही तेच. म्हणजे तुलना तरी सारख्याला सारखी होईल. मेसेजचा ट्रिगर त्याच दुपारी बदलून घेतला. आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर आता चार रकाने सक्तीचे केलेत: एकूण यादी किती, प्रश्न किती जणांना गेला, उत्तरं किती आली, आणि यादीत कोण नाही. चौथा रकाना भरायला टीम्स सगळ्यात जास्त वेळ घेतात. त्या प्रयोगाचे आकडे पुढच्या तिमाहीत येतील.