तुम्ही विचारलंत म्हणून: न खेळता मोरिन्यो एवढा मोठा प्रशिक्षक कसा झाला?

‘स्वतः मोठ्या पातळीवर कधी खेळला नाही, तरी जोझे मोरिन्यो एवढा मोठा प्रशिक्षक कसा झाला?’ फुटबॉल शिकवणाऱ्यांकडून, विशेषतः कोल्हापूरच्या तालीम संघांतल्या आणि गोव्याच्या छोट्या क्लबांतल्या मंडळींकडून, हा प्रश्न हमखास येतो. त्यामागे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न दडलेला असतो: मी संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांमधली राष्ट्रीय स्पर्धा, खेळलो नाही, तर पोरं माझं ऐकतील का? त्याचं उत्तर पोरंच देतील. मोरिन्योबद्दलचं उत्तर मात्र बऱ्यापैकी नेमकं देता येतं.

आधी एक गैरसमज दूर करू. तो ‘बाहेरून’ आलेला माणूस नव्हता. जन्म 26 जानेवारी 1963 चा, लिस्बनच्या दक्षिणेला असलेल्या सेतुबाल या बंदराच्या गावातला. वडील फेलिक्स मोरिन्यो व्यावसायिक गोलरक्षक, व्हितोरिया सेतुबाल आणि बेलेनेन्सेसकडून खेळलेले, पोर्तुगालसाठी एक सामनाही खेळलेले, नंतर प्रशिक्षक झालेले. ड्रेसिंग रूममध्ये काय बोललं जातं, प्रशिक्षकाची नोकरी एका रात्रीत कशी जाते, हे पोरानं घरातच पाहिलं. स्वतः तो रिओ आव्हे, बेलेनेन्सेस, सेसिम्ब्रा अशा संघांत खेळला, पण त्यात दम नव्हता आणि ते त्याला लवकर कळलं. आईनं व्यवस्थापनाच्या कॉलेजात नाव घातलं, ते त्यानं सोडलं आणि लिस्बनच्या शारीरिक शिक्षण संस्थेत प्रवेश घेतला. तिथे मान्युएल सर्जिओ नावाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. खेळाडू म्हणजे पाय आणि फुप्फुसं नव्हेत, अख्खा माणूस आहे, हा त्यांचा आग्रह. पुढे त्यानं शाळेत पीटी शिकवली, स्कॉटिश फुटबॉल संघटनेचे कोर्स केले, सेतुबालच्या मुलांच्या संघांना शिकवलं. वर्गात तीस मुलांना एकाच वेळी कामाला लावणं हे कसब माजी खेळाडूंकडे आपोआप येत नाही. मोरिन्योनं ते नावारूपाला येण्याआधीच कमावलं होतं.

1992 मध्ये इंग्लिश प्रशिक्षक बॉबी रॉब्सन स्पोर्टिंग लिस्बन या क्लबला आले आणि मोरिन्यो त्यांचा दुभाषी झाला. ‘दुभाष्याचा प्रशिक्षक झाला’ ही कथा पत्रकारांना फार आवडते, पण ती अर्धवट आहे. रॉब्सनचं बोलणं खेळाडूंपर्यंत पोहोचवताना त्यामागचं कारणही समजावून सांगावं लागे, म्हणजे ते आधी स्वतःला समजलेलं असावं लागे. शिवाय रॉब्सननी त्याला प्रतिस्पर्धी संघ पाहून अहवाल लिहायला लावलं, आणि ते अहवाल त्यांना इतके पसंत पडले की स्पोर्टिंगनं डिसेंबर 1993 मध्ये रॉब्सनना काढल्यावर पोर्तोला आणि 1996 मध्ये बार्सिलोनाला जाताना ते मोरिन्योला सोबत घेऊन गेले. रॉब्सन गेल्यावर बार्सिलोनात डच प्रशिक्षक लुई व्हान खाल आले, त्यांनीही त्याला ठेवून घेतलं. रॉब्सनकडे आक्रमणाचा आणि माणसं सांभाळण्याचा हात, तर व्हान खालकडे मिनिटामिनिटाचं नियोजन. दोघांच्या हाताखाली मिळून सुमारे आठ वर्षं. 2000 मध्ये कातालान चषकासारख्या दुय्यम स्पर्धेत व्हान खालनी संघ त्याच्या हाती दिला आणि त्यानं चषक जिंकला.

म्हणजे सप्टेंबर 2000 मध्ये बेनफिकानं त्याला मुख्य प्रशिक्षक केलं तेव्हा तो 37 वर्षांचा होता आणि मोठ्या क्लबांत रोजच्या सरावाचा इतका अनुभव असलेले माजी खेळाडू त्या वयाचे फारसे नव्हते. बेनफिकात मात्र तो जेमतेम अडीच-तीन महिने टिकला. क्लबच्या निवडणुकीत अध्यक्ष बदलले, स्पोर्टिंगला 3-0 हरवल्यानंतर त्यानं करार वाढवून मागितला, तो मिळाला नाही आणि तो निघाला. 2001 मध्ये उनियांव द लेरिया या छोट्या क्लबकडे गेला. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच, कारण पुढे त्याचा सहायक राहिलेला रुई फारिया इथे त्याच्यासोबत आला.

फारिया हा पोर्तो विद्यापीठातल्या व्हितोर फ्रादे यांच्या परंपरेतला. ‘टॅक्टिकल पिरियडायझेशन’ ही सरावपद्धत फ्रादेंची. तिचं मूळ सूत्र असं: दमसास, ताकद, तंत्र, डावपेच हे वेगवेगळे शिकवून रविवारी एकत्र जोडायचे नाहीत. आधी आपल्याला कसं खेळायचंय ते ठरवायचं, मग प्रत्येक सराव त्या खेळाचाच एक तुकडा करायचा. खेळाचे चार क्षण धरायचे: चेंडू आपल्याकडे, चेंडू त्यांच्याकडे, आणि चेंडू मिळाल्या-गमावल्याबरोबरचे दोन. प्रत्येक क्षणासाठी एखादं मोठं तत्त्व, त्याखाली उपतत्त्वं. डोंगर चढणं नाही, मैदानाला फेऱ्या नाहीत.

रविवार ते रविवार एकच सामना असेल तर आठवडा साधारण असा जातो. सोमवार सुट्टी. मंगळवारी सामना खेळलेल्यांची हलकी हालचाल. बुधवारी छोटं मैदान आणि कमी माणसं, उदाहरणार्थ 25 बाय 20 मीटरमध्ये चारास चार. इथे पळणं, झटकन थांबणं, वळणं, उडी हे सगळं जोरात होतं, म्हणून डाव दोन-तीन मिनिटांचा आणि विश्रांती तेवढीच किंवा जास्त. गुरुवारी उलट: मोठं मैदान, दहास दहा किंवा अकरास अकरा, डाव लांब, आणि त्यात संघाची मोठी तत्त्वं. खऱ्या सामन्याशी सगळ्यात मिळताजुळता दिवस हाच. शुक्रवारी वेग: विरोध अगदी कमी किंवा नाहीच, अंतर बेतशीर, निर्णय आणि पाय दोन्ही झपाट्यानं, सराव आटोपशीर. शनिवारी थोडं अंग मोकळं करणं आणि फ्री किक-कॉर्नर. बुधवार ते शुक्रवार तीन दिवस स्नायूंवर तीन वेगळ्या प्रकारचा ताण येतो, त्यामुळे कालचा थकवा आज पुन्हा उगाळला जात नाही.

नक्कल करताना लोक नेमके इथे फसतात. सगळ्यात नेहमीची चूक बुधवारची: चारास चार रंगात आलं की प्रशिक्षक थांबवत नाही, दोन मिनिटांची आठ होतात, विश्रांती पाणी पिण्यापुरती उरते. मग तो जोराचा सराव राहत नाही, दमवण्याचा होतो आणि गुरुवारी पाय जड. दुसरी चूक, ‘चेंडू आहे म्हणजे पिरियडायझेशन झालं’ असं समजणं. गोल करून पास खेळण्यात चेंडू असतो, पण आपला संघ ज्या दिशेनं, ज्या जागांतून खेळणार ती दिशा आणि त्या जागाच नसतील तर तो नुसता व्यायाम. तिसरी, दर वीस सेकंदांनी शिट्टी मारून भाषण देणं. मोरिन्यो प्रश्न विचारून खेळाडूकडूनच उत्तर काढून घेण्याच्या पद्धतीबद्दल बोलत असे: चेंडू गेला तेव्हा तू कुठे होतास, तुझ्यापासून सगळ्यात जवळचा कोण होता? यात वेळ जातो, पण आपणच शोधलेलं उत्तर खेळाडू दडपणाखाली विसरत नाही.

जानेवारी 2002 मध्ये पोर्तोनं त्याला बोलावलं तेव्हा संघ घसरलेला होता. त्या हंगामात तो तिसरा आला. पुढच्या वर्षी लीग जिंकणारच, असं मोरिन्योनं आधीच जाहीर करून टाकलं होतं. खरेदी पाहा: लेरियाहून देर्ले आणि नुनो व्हालेंते, सेतुबालहून पाउलो फेरेरा, बेनफिकानं बाजूला काढलेला मानिश. सगळे पोर्तुगीज लीगमधलेच, भूक असलेले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांसोबत त्यानं आधी काम केलेलं. 2002-03 मध्ये लीग, पोर्तुगीज चषक आणि सेव्हिया शहरात जादा वेळेत सेल्टिकला 3-2 हरवून यूएफा कप (आताची युरोपा लीग). पुढच्या वर्षी पुन्हा लीग, आणि 26 मे 2004 रोजी गेल्सेनकिर्खनमध्ये मोनाकोला 3-0 हरवून चॅम्पियन्स लीग. लोकांना मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर कोस्तिन्याच्या शेवटच्या मिनिटातल्या गोलनंतरची त्याची धावच आठवते. बघण्यासारखी गोष्ट वेगळी होती: पोर्तो आघाडीवर असताना चेंडू स्वतःकडे ठेवून दम खात असे. चेंडू आपल्याकडे असताना विश्रांती घ्यायची, हे त्या संघाला शिकवलेलं होतं. मोरिन्योला नुसता बचाववाला म्हणणाऱ्यांनी ते दोन हंगाम पाहिलेले नसतात.

चेल्सीत त्यानं मांडलेलं गणित तर कुणालाही फळ्यावर काढून दाखवता येईल. तेव्हा इंग्लंडमध्ये बरेच संघ 4-4-2 (चार बचावपटू, चार मधले, दोन आघाडीवीर) खेळत, म्हणजे मध्यभागी दोघे शेजारी-शेजारी. मोरिन्योकडे तिघांचा त्रिकोण, मागच्या टोकाला क्लोद माकेलेले. समोरचे दोघे पुढच्या दोघांना धरणार, मग माकेलेले मोकळा. त्याला अडवायला त्यांचा आघाडीवीर मागे आला तर चेल्सीचा सेंटर बॅक (मधला बचावपटू) मोकळा, बाजूचा आत आला तर विंगर (कडेचा आक्रमक) मोकळा. 2004-05 मध्ये 38 सामन्यांत 95 गुण, फक्त 15 गोल खाल्ले, एकच पराभव. पुढच्या वर्षी पुन्हा विजेतेपद. पण हे गणित समोरच्याच्या 4-4-2 वर उभं होतं, आणि काही वर्षांत जो तो मध्यभागी तिघे घेऊन खेळू लागला.

इंटर मिलानची 2009-10 ची कहाणी वेगळी. झ्लातान इब्राहिमोविच हा आघाडीवीर बार्सिलोनाला देऊन बदल्यात सॅम्युएल एटो आणि रोख रक्कम घेतली. त्याच उन्हाळ्यात मिलितो, स्नायडर, लुसिओ, थियागो मोत्ता आले. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाला मिलानमध्ये 3-1 हरवलं. परतीच्या सामन्यात 28व्या मिनिटाला मोत्ताला लाल कार्ड. मग दहा जणांनी आपल्या पेनल्टी क्षेत्रासमोर दोन रांगा लावल्या, एटोसारखा आघाडीवीर तासभर बचावपटूसारखा खेळला, आणि 84व्या मिनिटाला पिकेचा एकच गोल बसला. माद्रिद शहरातल्या अंतिम सामन्यात मिलितोच्या दोन गोलांनी बायर्न म्युनिक हरलं, आणि बायर्नचे प्रशिक्षक होते व्हान खाल. लीग, चषक, चॅम्पियन्स लीग असं तिन्ही एका हंगामात जिंकणारा इटलीतला तो पहिला क्लब. एटोनं ते काम का केलं, याचं उत्तर कुठल्याही फळ्यावर सापडत नाही. खेळाडूला ‘आपण सगळे एकीकडे, जग दुसरीकडे’ असं पटवून देणं हे मोरिन्योचं सगळ्यात धारदार हत्यार होतं.

आणि तेच त्याच्यावर उलटलं. ‘तिसऱ्या हंगामात तो कोसळतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, ते पूर्ण खरं नाही. चेल्सीतल्या पहिल्या खेपेच्या तिसऱ्या हंगामात त्यानं दोन्ही इंग्लिश चषक जिंकले, चौथ्याच्या सुरुवातीला गेला. रेआल माद्रिदमध्ये मात्र दुसऱ्या हंगामात 100 गुण आणि 121 गोल करून लीग जिंकल्यावर तिसऱ्यात ड्रेसिंग रूम फुटली. डिसेंबर 2015 मध्ये चेल्सीनं त्याला दुसऱ्यांदा काढलं तेव्हा गतविजेता संघ 16व्या क्रमांकावर होता. डिसेंबर 2018 मध्ये मँचेस्टर युनायटेडमधून गेला. सतत शत्रू दाखवून संघ बांधायचा तर बाहेरचे शत्रू संपल्यावर आतले सापडू लागतात. आधी पंच, मग क्लबचे पदाधिकारी, मग आपलेच खेळाडू.

दुसरं कारण कमी बोललं जातं, पण ते वेळापत्रकाचं आहे. वर सांगितलेला आठवडा दर तीन दिवसांनी सामना असला की उरतच नाही. बुधवार-गुरुवारचा सराव गायब होतो, उरतो तो सामना, विश्रांती, व्हिडिओ, सामना. अशा आठवड्यांत बचावाच्या जागा पाठ करून घेता येतात, आक्रमणातली नाजूक हालचाल नाही. त्याचे नंतरचे संघ मागे सरकत गेले त्यात स्वभावाइतकाच याचाही वाटा आहे. रोमा क्लबमध्ये त्यानं 2022 मध्ये फायनुर्डला 1-0 हरवून कॉन्फरन्स लीग जिंकली. चॅम्पियन्स लीग, यूएफा कप/युरोपा लीग आणि कॉन्फरन्स लीग या तिन्ही स्पर्धा जिंकलेला तो पहिलाच प्रशिक्षक. पुढच्या वर्षी युरोपा लीगचा अंतिम सामना सेव्हियाविरुद्ध पेनल्टींवर हरला. मग तुर्कस्तानचा फेनरबाचे क्लब. त्यांना ऑगस्ट 2025 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या प्ले-ऑफमध्ये (पात्रतेच्या शेवटच्या फेरीत) बेनफिकानं बाहेर काढलं, मोरिन्योची नोकरी गेली, आणि सप्टेंबरमध्ये त्याच बेनफिकानं त्याला नेमलं.

राहिला तुमच्यातल्या काहींचा जोडप्रश्न: आम्हाला मैदान आठवड्यातून दोनच संध्याकाळी मिळतं, त्यात यातलं काय करता येईल? रविवारी सामना आणि मंगळवार-गुरुवार सराव असेल तर तीन दिवसांचा ताण दोन दिवसांत कोंबू नका. मंगळवारी रविवारचा थकवा अजून पायात असतो, म्हणून जोराचं चारास चार तेव्हा नको. त्या दिवशी एकच तत्त्व घ्या, समजा चेंडू गमावल्यावर पाच सेकंद कोणी कुठे धावायचं, आणि ते मोठ्या जागेत, मध्ये भरपूर थांबत खेळवा. गुरुवारी सुरुवातीला दोन मिनिटांचे तीन-चार डाव छोट्या जागेत, प्रत्येकानंतर पुरी विश्रांती, मग मंगळवारचंच तत्त्व अकरास अकरामध्ये, शेवटी कॉर्नर आणि फ्री किक. मैदानाच्या फेऱ्या मात्र कुणालाच, अगदी सरावाला उशिरा येणाऱ्यांनाही, लावू नका. शिक्षा म्हणून पळवलेली पोरं सामन्यात पळायला कुरकुरतात.