अजून दादाचीच टर्न

रात्रीचे पावणेदोन. झोप नाही.

घराचे स्कॅन केलेले कागद शोधायला जुनी हार्डडिस्क लावली तर आत हिरोज थ्री या गेमचं अख्खं फोल्डर, वर्तकनगरच्या कॉम्प्युटरवरचं. चालू होईल असं वाटलं नव्हतं, झालं. शेवटचा सेव्ह उघडला. दादाचा लाल झेंडा. म्हणजे इतकी वर्षं टर्न त्याचीच आहे.

हे डोक्यातून जातच नाहीये. गेम १९९९चा, काढणारी कंपनी २००३ साली बुडाली, तरी लोक अजून खेळतात, नवे मॅप बनवतात. ग्राफिक्सबिफिक्ससाठी नाही हो, हा गेम थांबतो म्हणून. एंड टर्न दाबेपर्यंत दिवस मावळत नाही, आणि सात दिवस झाले की किल्ल्यात नवी फौज मिळते, त्या फौजेपायी ‘एवढा आठवडा संपवू’ म्हणत आम्ही उजाडेपर्यंत बसायचो. माऊस एकच, त्यामुळे एक खेळताना दुसऱ्याने तोंड फिरवायचं, बघायचं नाही. मी भिंतीवरचं कालनिर्णय वाचत बसायचो, संकष्टीचे चंद्रोदय पाठ होते मला.

आईच्या घराचं ते सगळं झाल्यापासून... जाऊ दे. ऐरोली ठाण्याहून दुसरं स्टेशन आहे. दुसरं! पण दर वेळी मीच का जायचं? टर्न त्याची आहे ना?

दादा कायम नेक्रोपोलिस, म्हणजे मेलेल्यांचा किल्ला घ्यायचा. लढाई जिंकली की मेलेल्यांतले काही सांगाडे होऊन त्याच्याच फौजेत उभे. भांडणातही तसंच, २०१२ साली मेलेला विषय आज माझ्यासमोर तलवार घेऊन हजर. माझं म्हणाल तर मी कायम कॅसल, भिंती बांधत बसणारा. हसूच आलं एकदम.

मग आयुष्यात पहिल्यांदा चीटिंग केली, त्याच्या टर्नला बघितलं. चारशेच्या वर सांगाडे, माझ्या किल्ल्यापासून एका दिवसावर, आणि माझ्या किल्ल्यात जेमतेम वीस-पंचवीस भालेवाले. हरलोच होतो की मी. त्या रात्री एंड टर्न न दाबता त्याने सेव्ह केलं आणि म्हणाला, झोप येतेय, उद्या बघू.

झोप? दादाला? दोनच्या आत?

सेव्ह न करता बंद केलं. कागद अजून सापडलेले नाहीत.