तुम्ही विचारलंत म्हणून : सोनं देणाऱ्यांचे शब्द

माझी शब्दांची वही कुणी चाळली की एक प्रश्न हमखास येतो. जुन्या इंग्रजीतले सोन्याचे इतके शब्द कशाला जमवलेत? जुनी इंग्रजी म्हणजे शेक्सपियरच्याही चार-पाचशे वर्षं आधी, साधारण इसवी सन ११००पर्यंत इंग्लंडात बोलली जाणारी भाषा. आजच्या इंग्रजी वाचकालाही ती शिकल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कुणाकडे किती सोनं आहे, याच्याशी त्या भाषेतल्या कवितेला फारसं कर्तव्य नाही. कुणी कुणाला दिलं, हे ती सांगते. राजाला तिथे ‘गोल्डयिवा’ म्हणतात, सोनं देणारा. ‘गोल्डविने’ म्हणतात, सोनं देणारा सखा. आणि ‘बेआगा ब्रुत्ता’, म्हणजे सोन्याची कडी वाटणारा. यातला ‘ब्रुत्ता’ हा शब्द ‘तोडणं’ या अर्थाच्या क्रियापदाशी जोडलेला आहे. राजानं भर सभेत सोन्याचं कडं हातात ठेवलं की त्या योद्ध्याचा जीव राजाशी बांधला गेला. ‘बेओवुल्फ’ या ३१८२ ओळींच्या काव्यात म्हातारा राजा ड्रॅगनशी झुंजत असतो आणि त्याचे सोबती रानात पळून जातात. एकटा विग्लाफ थांबतो. राजानं दिलेल्या शस्त्रांची तो त्यांना आठवण करून देतो आणि म्हणतो, माझ्या गोल्डयिवासोबत ज्वाळांनी माझाही देह कवटाळला तर मला ते जास्त प्रिय. नेमक्या या क्षणी त्याच्या तोंडी ‘राजा’ किंवा ‘स्वामी’ न येता ‘सोनं देणारा’ येतं. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा पुढे जाववेना.

ज्या दालनात हे देणंघेणं चालतं ते ‘गोल्डसेले’. ग्रेंडेल हा राक्षस अंधारातून चालून येतो तो याच दालनावर. तिथे मद्याचा पेला फिरवणारी राणी वेअल्हथेओव ‘गोल्डह्रोदेन’ आहे, सुवर्णालंकृत. हेरेमोड नावाचा एक राजाही या काव्यात येतो. त्यानं डेन, म्हणजे डेन्मार्कच्या, लोकांना कडी दिली नाहीत, आणि पुढे कुणी कसं वागू नये हे सांगताना त्याचंच उदाहरण दिलं जातं. माझ्या मते सगळ्यात बोलका शब्द ड्रॅगनसाठी आहे, ‘गोल्डवेआर्द’, सोन्याचा राखणदार. आपल्याकडे गुप्तधनावर नाग बसलेला असतो ना, तसाच हा तीनशे हिवाळे त्या ढिगावर पडून आहे. कवी स्पष्ट सांगतो की त्या सोन्यानं त्याचं काहीही भलं झालेलं नाही. देतो तो राजा, धरून बसतो तो ड्रॅगन. सोन्याच्या शब्दांत एवढा सरळ न्याय मी दुसरीकडे वाचलेला नाही.

ही सगळी कवींची अतिशयोक्ती असेल, असं काही जण म्हणतात. पण २००९ साली इंग्लंडातल्या स्टॅफर्डशरमधल्या एका शेतात सातव्या शतकाच्या आसपासचं सुमारे ४ किलो सोनं सापडलं. त्यात बायकांचे दागिने जवळजवळ नाहीत. बहुतेक तुकडे तलवारींच्या मुठींवरून उचकटून काढलेले आहेत. कवितेत शस्त्रांना वारंवार सोन्यानं मढवलेली म्हणतात ते काय, हे ते तुकडे पाहिले की कळतं. त्यांत जडवलेल्या लाल गार्नेटपैकी काही खडे भारतीय उपखंडातून तिथवर गेलेले आहेत.

ख्रिस्ती धर्म रुजल्यावरही हे शब्द टिकले. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात पृथ्वीवर धन साठवू नका असं येशू सांगतो. जुन्या इंग्रजीच्या भाषांतरकारानं तिथे ‘गोल्डहोर्द’, म्हणजे सोन्याचा साठा, यापासून चक्क क्रियापद केलं, ‘गोल्डहोर्दियन’. पुढे १०६६मध्ये फ्रेंच बोलणारे नॉर्मन इंग्लंड जिंकून आले, दरबाराची भाषा बदलली आणि गोल्डयिवा, गोल्डविने मागे पडले. गोल्डस्मिथ मात्र आजही आहे.

त्याआधी, नवव्या शतकाच्या अखेरीस, आल्फ्रेड राजानं पोप ग्रेगरीच्या एका ग्रंथाचं जुन्या इंग्रजीत भाषांतर केलं आणि आपल्या राज्यातल्या प्रत्येक बिशपच्या पीठाला त्याची प्रत पाठवली. प्रत्येक प्रतीसोबत एक ‘एस्टेल’ होतं, किंमत ५० मँकस. एक मँकस म्हणजे चांदीच्या ३० पेनी. एस्टेल म्हणजे वाचताना ओळीवर धरायची काडी असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. १६९३ साली सॉमरसेटमध्ये सापडलेला सोन्याचा ‘आल्फ्रेड ज्युवेल’ हा अशाच एका काडीचा माथा असावा. तो ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे आणि त्याच्या कडेवर सोन्याच्या जाळीत कोरलंय, ‘आल्फ्रेडनं मला घडवून घेतलं’. योद्ध्यांच्या मनगटावर जाणारं सोनं या राजानं वाचणाऱ्याच्या हाती दिलं. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यानं देवाच्या नावानं बजावलंय की हे एस्टेल कुणी पुस्तकापासून वेगळं करू नये आणि पुस्तक चर्चमधून हलवू नये.