खेळाचा तास गणिताला का देत नाही?

एसडीएमसीची (शाळा विकास आणि देखरेख समितीची) बैठक असो की बाजारातली गाठभेट, पाचवीच्या पोरांचे आईवडील मला हेच विचारतात : "बाई, नवोदय आणि मोरारजीची परीक्षा तोंडावर आलीय. तेवढा खेळाचा तास गणिताला घ्या की." मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. नवोदय किंवा मोरारजी देसाई या सरकारी निवासी शाळांत जागा मिळणं इथल्या घरांसाठी किती मोठी गोष्ट आहे, ते मला ठाऊक आहे. तरी तो तास मी देत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

वर्गात गप्प बसलेलं मूल आपल्याला शहाणं वाटतं. तेच मूल खो-खोत जरा धावून धापा टाकत खाली बसतं, नखं, ओठ फिके दिसतात, तेव्हा रक्त कमी असल्याची शंका येते. आपल्याकडची पोरं शेतात, गोठ्याकडं अनवाणी फिरतात. अंकुशकृमी नावाच्या जंताची अळी तळपायाच्या कातडीतून अंगात शिरते आणि पुढं आतड्यात राहून रक्त पिते. म्हणून फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये शाळेत जंताची गोळी देतात त्या दिवशी तरी पोरांना घरी ठेवू नका. डोळ्यांचंही तसंच. फळा धूसर दिसतो हे पहिली-दुसरीचं मूल स्वतःहून सांगत नाही, सगळ्यांना तसंच दिसतं असं त्याला वाटतं. लांबून येणारा चेंडू रोज हातातून सुटायला लागला की आरोग्य तपासणीच्या पथकाला मी ते नाव आधी देते. उन्हाउजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा त्रास कमी होतो, हेही आता अभ्यासांतून दिसलंय. गणिताच्या वहीत यातलं काही दिसत नाही.

"घरी कामं करतात की, व्यायाम होतोच," असंही ऐकते, आणि ते बहुतेक मुलींबद्दल असतं. घागर भरणं, धाकट्याला कडेवर घेऊन फिरणं हे कष्ट आहेत. त्यात पळणं नाही, हुलकावणी देणं नाही, मोठ्यानं हसणं नाही. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. मुलगे संध्याकाळी गल्लीत क्रिकेट खेळून ती भरून काढतात. कितीतरी मुलींना मात्र शाळेतल्या तासाखेरीज खेळायला मिळतच नाही. तो तास मी कुणाच्या हातचा काढून घेऊ?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान हवं असं लिहिलंय, पण खेळाचा अर्धवेळ शिक्षक सहावीपासून पुढं आणि पटावर शंभराहून जास्त मुलं असतील तरच. म्हणजे खालच्या वर्गांना वर्गशिक्षकानंच घ्यायचं. मी घेते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यात लंगडी आणि दोरीउड्या.

नवोदयच्या परीक्षेत दोन तासांत ८० प्रश्न सोडवायचे असतात. तेवढा वेळ नेटानं बसायलाही अंगात ताकद लागते.

गणिताची काळजी मलाही आहे. शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबून मी शिकवीन. वाडीवरच्या पोरांची बस तेवढ्यात निघून जाते, त्यांना घरी न्यायला रोज कोण येणार, एवढं तुम्ही आपसांत ठरवून मला कळवा.