खाली गाडीचं वजन

हिंगणघाटजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाचा हंगाम ऐन भरात होता. भरलेला ट्रक वजनकाट्यावर आला की पायथन भाषेतल्या प्रोग्राममधून वजन संगणकाच्या पडद्यावर यायचं. कापूस खाली करून तोच परत आला की रकाना कोरा. चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, या दोन वजनांच्या फरकावरच ठरतो. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली.

‘‘भाऊ, खाली गाडीचं वजन काहून नाही येऊन राहिलं?’’ काट्यावरच्या काकांनी विचारलं. लहान पिकअपचं तर भरलेलंही येत नव्हतं. हे ऐकलं आणि मी काट्याकडून येणारा मजकूर कच्चाच वाचून पाहिला. आकड्याला पाच घरं. १०६४० असला की घरं भरतात. ४९८० असला की आधी एक मोकळी जागा, मग आकडा, शेवटी ओळ संपल्याची खूण.

माझ्याआधी या प्रोग्रामवर काम केलेल्या माणसाने पायसिरियल या, यंत्राशी तारेतून बोलणाऱ्या तयार लायब्ररीतल्या ‘सिरियल’ क्लासचा (कोडच्या साच्याचा) वारसा घेऊन, म्हणजे त्यावर आपला क्लास बेतून, त्यातली ‘रीड’ ही वाचणारी मेथड (क्लासमधलं फंक्शन) बदलली होती. त्यात मोकळ्या जागा गाळल्या जायच्या. जुना काटा ठरावीक संख्येने बाइट, म्हणजे अक्षरं, पाठवायचा, म्हणून ते चालून गेलं. यंदा काट्याचा आकडा पाठवणारा डबा बदलला आणि कोडमध्ये पूर्ण ओळ वाचणारी ‘रीडलाइन’ आली. रीडलाइन आतून रीडकडेच एकेक बाइट मागते आणि उत्तर रिकामं आलं की मजकूर संपला असं धरते. मोकळी जागा गाळली की उत्तर रिकामंच! ओळ पहिल्याच घरात संपत होती. लायब्ररीत काही चूक नव्हती. आतली कुठली मेथड कुठलीला हाक मारते हे माहीत नसताना वारसा घेणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

वारसा न घेता ‘काटा’ नावाचा साधा क्लास लिहिला आणि यंत्राशी जोडणारा पोर्ट त्याच्या पोटात ठेवला. ओळ पोर्टकडून जशीच्या तशी घ्यायची, साफसफाई नंतर. पोर्ट बाहेरून देता येतो, म्हणून चाचणीत त्याच्या जागी बाइट्सआयओ, म्हणजे मेमरीतली नकली फाइल, दिलं आणि रांगेतली एकही गाडी न हलवता दोन्ही आकडे तपासले.

दर वजनाची नोंद फाइलीत हवी होती, ती मिक्सिनने, म्हणजे दुसऱ्या क्लासला जोड देणाऱ्या छोट्या क्लासने, केली. नव्या क्लासच्या वारशाच्या यादीत मिक्सिन डावीकडे, ‘काटा’ क्लास उजवीकडे. पायथन मेथड याच क्रमाने शोधतो. उलट लिहिलं तर ‘काटा’ क्लासचीच मेथड आधी सापडते, ती ‘सुपर’ला, म्हणजे क्रमातल्या पुढच्या क्लासला, हाक मारत नाही, नोंद होत नाही आणि एररही येत नाही. हा क्रम मी काकांच्या पोराला कागदावर काढून दाखवला, तो बीसीए करतोय.

संध्याकाळी दुसरा काटा जोडला. त्याच्या मजकुराची मांडणी वेगळी. तिथे फक्त आकडा काढणारं फंक्शन बदलावं लागलं.