शटर खडखडलं आणि अर्धा हॉल उभा राहिला

बडोद्यातल्या आमच्या चित्रपट मंडळाने रावपुऱ्याजवळच्या एका हॉलमध्ये एकाच रविवारी दोन नॉर्वेजियन चित्रपट लावले. दुपारी चारला २०१५ चा 'द वेव्ह' आणि सातला त्याचाच पुढचा भाग, २०१८ चा 'द क्वेक'. प्रोजेक्शन आणि आवाज माझ्याकडे. पुढचे भाग सहसा पहिल्याच्या कमाईवर जगतात, त्यामुळे दुसऱ्या खेळाला गर्दी कमी असेल असं धरून चाललो होतो. झालं उलटंच.

सकाळी दोन्ही डीसीपी, म्हणजे चित्रपटांच्या डिजिटल प्रती, सर्व्हरवर चढवल्या. चढवताना सर्व्हर प्रत्येक फाइल तपासतो. तपासणी अर्धवट सोडली तर खराब फाइल ऐन खेळात कळते. मग केडीएम, म्हणजे चित्रपटाचं कुलूप उघडणारी किल्ली. ती एकाच सर्व्हरसाठी बनलेली असते आणि ठरावीक वेळेतच चालते. खेळाच्या अर्धा तास आधी सुरू होणारी किल्ली आली तर चाचणी करताच येत नाही, म्हणून ती आदल्या दिवसापासूनची मागून घ्यायची. दोन्ही चित्रपट स्कोप, म्हणजे रुंद चौकटीचे, २०४८ बाय ८५८ पिक्सेल. संवाद नॉर्वेजियन, खाली इंग्रजी उपशीर्षकं. पडद्याचं खालचं काळं कापड चार बोटं जरी वर राहिलं तरी दुसरी ओळ कापली जाते, म्हणून उपशीर्षक असलेली फ्रेम थांबवूनच ते बसवलं.

खरा वेळ गेला तो आवाजात. फेडर, म्हणजे आवाजाचं मुख्य बटण, ७ वर ठेवून पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर असलेला चाचणीचा खरखराट, सोडायचा. पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर प्रेक्षकांच्या मधल्या रांगेत ८५ डेसिबल, बाजूच्या-मागच्या भिंतींवरचे डावे-उजवे सराउंड स्पीकर ८२. सबवूफर, म्हणजे खोल सुरांचा स्पीकर, त्याची गोष्ट वेगळी. तो त्याच्या सुरांच्या पट्ट्यात पडद्यामागच्या स्पीकरपेक्षा १० डेसिबल वर हवा, पण हे अ‍ॅनलायझरवर, म्हणजे सूर वेगवेगळे मोजणाऱ्या यंत्रावर, बघायचं असतं. साध्या मीटरवर ९५ येईपर्यंत वाढवला तर तो चार-पाच डेसिबल जास्तच लागतो. बऱ्याच हॉलमध्ये 'बेस दणदणीत आहे' अशी जी तारीफ ऐकू येते, ती याच चुकीची.

त्यानंतर स्वीप. २० पासून १२० हर्ट्झपर्यंत एकच सूर हळूहळू वर न्यायचा आणि दुसऱ्या माणसाने हॉलभर हात लावत फिरायचं. प्रत्येक सैल वस्तू आपापल्या सुराला बोलते. फॉल्स सीलिंगची दोन-बाय-दोनची टाइल पट्ट्यांवर नुसती ठेवलेली असते, ती तीस हर्ट्झच्या आसपास नाचायला लागली. एसीच्या जाळीची पाती त्याच्या थोडी वर. बाहेर जाण्याच्या पाटीचं प्लॅस्टिक आणि मागच्या दाराची कडी साठीच्या घरात. टाइलांना वरून क्लिपा, जाळीच्या कडेला फोमची पट्टी, कडीला नमद्याचा तुकडा. दुपारपर्यंत हॉल गप्प झाला.

'द वेव्ह' विनाविघ्न पार पडला. नॉर्वेतल्या गाइरँगर गावाजवळच्या फ्योर्डवरचा, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीवरचा, ओकनेस डोंगर खचतो, ८० मीटरची लाट उठते आणि गावाकडे दहा मिनिटं उरतात. कल्पना हवेतली नाही. नॉर्वेतल्याच ताफ्योर्दला १९३४ मध्ये कडा कोसळून अशाच लाटेने ४० माणसं गेली, आणि ओकनेसवर आजही उपकरणांची नजर आहे. चित्रपट नीटस आहे, पण त्याचं भय समोरून येतं. भोंगा वाजतो, घड्याळ चालतं, लाट दिसते. आमचा प्रेक्षक आरामात शेंगदाणे खात होता. बडोद्यात कोण फ्योर्डच्या काठी राहतंय?

'द क्वेक'ने कुठे बाजी मारली, ते फेडरवर हात ठेवून बसलेल्याला लवकर कळतं. पहिल्या भागाचा नायक इथे वीर राहिलेला नाही. घरच्यांपासून तुटून गाइरँगरमध्ये एकटा पडलेला, भिंतीवर कात्रणं लावून बसलेला माणूस आहे. ऑस्लोत १९०४ साली ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला होता, तो धागा धरून कथा राजधानीत येते. आणि मग दिग्दर्शक धक्का देतच नाही. बराच वेळ नुसत्या बारीक खुणा. संकटाआधी भोंगा नाही, दहा मिनिटं नाहीत. इतका वेळ शांत गेला की पुढचा खालचा सूर हॉलला सोलून काढतो. पहिल्या भागात सबवूफर बऱ्यापैकी राबलेला असतो, त्यामुळे कानाला त्याची सवय होते. इथे तो राखून ठेवला आहे.

शहर हादरायला लागलं आणि मागच्या भिंतीपलीकडून लोखंडाचा खडखडाट आला.

हा आवाज चित्रपटातला नव्हता. सराउंडमधून येणारा आवाज भिंतीच्या अलीकडे असतो, हा पलीकडून येत होता, आणि माणसाला हा फरक न सांगता कळतो. चौथ्या रांगेतून एक आजी ओरडल्या, "अहो, हलतंय! उठा!" बघता बघता अर्धा हॉल उभा. यातल्या बहुतेकांनी २६ जानेवारी २००१ ची सकाळ बडोद्यात काढलेली. भूकंपाचं केंद्र तीनशेहून अधिक किलोमीटरवर कच्छात, तरी इथे पंखे झुलले होते, आणि अहमदाबादेत इमारती बसल्याच्या बातम्या दिवसभर येत राहिल्या होत्या.

अशा वेळी क्रम चुकवायचा नाही. आधी हॉलचे दिवे, मग आवाज, मग चित्र. उलट केलं, म्हणजे आधी चित्र थांबवलं, तर पडदा काळा होतो आणि उभी माणसं अंधारात पायऱ्यांवर धडपडतात. भूकंपापेक्षा चेंगराचेंगरी वाईट. दिवे अर्धे केले, आवाज म्यूट केला. खडखडाट त्याच क्षणी थांबला, म्हणजे हलवणारा आमचाच सबवूफर. तरी वरच्या लोंबत्या दिव्यांकडे पाहिलं. लांबच्या भूकंपाचा हेलकावा संथ असतो, त्यात लटकणाऱ्या वस्तू बराच वेळ झुलत राहतात. दिवे स्थिर होते. मग मंडळाच्या सचिव ताईंनी माइक घेतला: "बसून घ्या, भूकंप ऑस्लोतच आहे." दोन्ही दारं मात्र उघडीच ठेवली, ज्याला जायचं त्याला जाऊ दिलं. चार-पाच जण गेले, आजी थांबल्या.

कारण मागच्या बोळात सापडलं. तिथे उपाहारगृहाचं गुंडाळणारं शटर आहे. सकाळच्या स्वीपच्या वेळी ते वर गुंडाळलेलं होतं. चौकीदारकाकांनी मध्यंतराचा चहा आटोपल्यावर रोजच्यासारखं खाली ओढलं. बंद शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पोलादी पट्ट्यांचा पडदा, दोन्ही कडांना खाचेत सैल. तिशीच्या सुराला ते अख्खं थरथरतं आणि पट्ट्या खाचेवर आपटतात. आम्ही ते अर्धं वर करून दोरीने बांधलं, चित्रपट दोन मिनिटं मागे नेला आणि फक्त सबवूफर ३ डेसिबल उतरवला. मुख्य फेडर खाली आणला असता तर संवादही दबले असते. त्या फेडरवर ७ वरून ५.५ ला आलं की सगळंच ५ डेसिबल पडतं.

पुढचा अर्धा तास मी एसीचा ब्लोअर कमीत कमी वेगावर ठेवला. हॉटेलच्या उंच इमारतीतला, लिफ्टच्या पोकळीतला तो प्रसंग मोठ्या आवाजांवर उभा नाही. तारेची कुरकुर, काचेची बारीक चिर, श्वास. ब्लोअर पूर्ण वेगात असता तर यातलं निम्मं गेलं असतं. पहिल्या भागात कुटुंब वाचतं. इथे चित्रपट ती किंमत वसूल करतो. कोणाची, ते सांगत नाही, कारण पुढच्या महिन्यात पुन्हा खेळ आहे.

त्या खेळासाठी हॉलच्या व्यवस्थापकांना लिहून दिलं की चित्रपट चालू असताना शटर वर ठेवावं. चौकीदारकाकांचा आक्षेप, "मग फ्रिजमधल्या बाटल्या कोण सांभाळणार?" तोही रास्त. शेवटी शटर बंदच राहील, पण दोन्ही खाचांत रबरी पट्टी आणि खालच्या कडेला जाड गॅस्केट बसेल, असं ठरलं. पुढचा स्वीप मात्र शटर खाली ओढून, दोन्ही दारं लावून, एकाला बोळात उभं करूनच.