‘कावेरी येते का?’

रविवार

बेंगळुरूत टू-लेटच्या पाट्या बघत फिरायला रविवारची सकाळ सोयीची. घरमालक घरी भेटतात, गाडी लावायला जागा मिळते. घोटाळाही तिथेच होतो. रविवारी सर्जापूर रोड मोकळा दिसतो आणि माणूस तिथेच टोकन देऊन बसतो.

पुण्याहून, नाशिकहून, नागपूरहून बदलून येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो ‘चांगला एरिया कुठला?’ या शहरात आधी ठरते ती बाजू, एरिया नंतर. व्हाईटफिल्ड पूर्वेला, इलेक्ट्रॉनिक सिटी दक्षिणेला, नागवाऱ्याचं मान्यता टेक पार्क उत्तरेला, पीण्याचे कारखाने वायव्येला आणि मराठहळ्ळी ते बेलंदूर हा आउटर रिंग रोडचा पट्टा. यांतलं एक आपल्या वाट्याला येतं आणि बाकीचं शहर रोजच्या आयुष्यातून जवळजवळ वजा होतं. मोठ्या कंपन्यांची इथे दोन-तीन कॅम्पस असतात आणि ऑफर लेटरवर छापलेला पत्ता बसायच्या जागेचा असेलच असं नाही. त्यामुळे इमारतीचं नाव आणि आठवड्यातून किती दिवस हजेरी, या दोन गोष्टी एचआरकडून ईमेलवर घ्याव्यात. तोवर घरांचे फोटो बघणं म्हणजे वेळ घालवणं.

ट्रॅफिकची धास्ती पुणेकरांनी तरी फार बाळगू नये. टॉमटॉम कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात १० किलोमीटरला बेंगळुरूत सरासरी ३४ मिनिटं लागतात आणि पुण्यात ३३. फरक आहे तो सरासरीत न दिसणारा. इथे ठरावीक गाठी आहेत, सिल्क बोर्ड, हेब्बाळ, के. आर. पुरम, पनत्तूरचा रेल्वेखालचा बोगदा. रोजच्या वाटेत यांतली एक गाठ असली तर सोसवते. दोन असल्या तर घर कितीही हवेशीर असो, दोन महिन्यांत त्याचा राग यायला लागतो.

मंगळवार

रस्त्याची परीक्षा घ्यायची तर मंगळवार ते गुरुवार. घरून काम आणि ऑफिस अशी वाटणी असलेल्या बऱ्याच कंपन्या याच तीन दिवसांत लोकांना बोलावतात. नकाशाच्या ॲपमध्ये ‘आत्ता निघालो तर’ बघू नये. सकाळी साडेनऊला पोचायचं आणि संध्याकाळी सव्वासहाला निघायचं, असे दोन वेगळे शोध करावेत. ॲप ‘३५ ते ७५ मिनिटं’ असं दाखवतं तेव्हा ७५ हाच आकडा धरावा. रिंग रोडवर घर कुठल्या बाजूला आहे हेही बघावं. समोर दिसणाऱ्या गेटसाठी पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन परत यावं लागतं आणि नकाशावरचे ८०० मीटर प्रत्यक्षात तीन किलोमीटर होतात.

मेट्रोने हिशेब बराच बदलला आहे. व्हाईटफिल्ड ते चल्लघट्टा ही पर्पल लाईन ऑक्टोबर २०२३ पासून पूर्ण धावते. त्यामुळे व्हाईटफिल्डच्या आयटीपीएल या टेक पार्कमध्ये नोकरी असली तरी इंदिरानगर, अगदी विजयनगरसारख्या पश्चिमेकडच्या जुन्या वस्तीतही राहता येतं. उतरायचं स्टेशन पट्टंदूर अग्रहार. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही यलो लाईन ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली आणि जयनगर, बनशंकरीकडच्या माणसाला सिल्क बोर्डच्या डोक्यावरून इलेक्ट्रॉनिक सिटी गाठता येऊ लागली. या लाईनवर सुरुवातीला गाडी २५ मिनिटांनी एक होती, म्हणून आपल्या वेळेला किती मिनिटांनी गाडी आहे ते आधी तपासावं. रिंग रोडवरच्या ब्लू लाईनचं काम चालू आहे. ‘मेट्रो येणार’ म्हणून आज भाडं वाढवून मागणाऱ्या मालकाला येणाऱ्या मेट्रोचे पैसे आज द्यायचं कारण नाही.

स्टेशनपासून घर चालत किती, तर ८०० मीटरच्या आत असावं, आणि तेही रात्री एकदा चालून बघावं. फूटपाथ अधूनमधून संपतो, खांबावरचा दिवा असतोच असं नाही आणि तेवढ्याच अंतराला रिक्षावाला बऱ्याचदा नाही म्हणतो.

बुधवार

आता खरा पेच. ऑफिसजवळ राहावं म्हणून कडुबीसनहळ्ळी, पनत्तूर, हरळूर, कसवनहळ्ळी इथे घर बघावं, तर तो पट्टा मुख्यतः बोअरवेल आणि टँकरवर वाढलेला. उलट मल्लेश्वरम, राजाजीनगर, बसवनगुडी, जयनगर इथे नळाला कावेरीचं पाणी, पण पूर्वेकडच्या ऑफिसांपासून ही सगळी ठिकाणं लांब. बेंगळुरूत घर निवडताना रस्ता आणि पाणी एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. दोन्ही मिळतील अशी घरं आहेत, पण ती भाड्यातून आपली किंमत वसूल करतात.

कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, तोरेकाडनहळ्ळीहून उपसून वर चढवून आणतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं, दिवसाला ७७.५ कोटी लिटर, आणि ते शहराला नंतर जोडलेल्या ११० गावांसाठी. त्यामुळे दलाल आता सर्रास ‘कावेरी आली’ म्हणतात. रस्त्याखाली पाइप येणं आणि इमारतीच्या संपात पाणी पडणं या दोन गोष्टी वेगळ्या. सोसायटीने अर्ज करून पैसे भरून जोडणी घ्यावी लागते, आणि सगळ्यांनी ती घेतलेली नाही. (संप म्हणजे आपली जमिनीखालची टाकी. आल्यावर पहिल्या आठवड्यातच हा शब्द तोंडी बसतो.)

म्हणून ‘कावेरी येते का?’ एवढं विचारून थांबू नये. किती दिवसांनी, किती तास आणि संप किती लिटरचा, हे विचारावं. मग गणित सोपं आहे. माणशी दिवसाला १३५ लिटर हा सरकारी मापदंड. २० फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे १०,८०० लिटर. १२,००० लिटरचा एक टँकर रोज जवळजवळ रिकामा. मार्च २०२४ च्या टंचाईत प्रशासनाने पाच किलोमीटरच्या आतल्या अशा टँकरचा दर १,००० रुपये बांधून दिला होता. त्या दराने महिन्याला ३०,००० आणि घरटी १,५०० रुपये. हा आकडा भाड्यात आहे, मेंटेनन्समध्ये आहे की दोन्हींच्या बाहेर, हे करारात लिहून घेतलं नाही तर एप्रिलमध्ये भांडण ठरलेलं. घर पावसाळ्यात बघत असाल तर गेल्या मार्च-एप्रिलची मेंटेनन्सची बिलं दाखवा म्हणावं. दाखवायला काचकूच करणाऱ्याने अर्धं उत्तर दिलेलंच असतं.

बोअरचं पाणी जड असतं. टीडीएसचा छोटा पेनसारखा मीटर खिशात ठेवावा. पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर मानक २,००० पर्यंत चालवून घेतं. मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो, जडपणा वेगळा दाखवत नाही. तो बघायला न्हाणीघरात जावं. नळाच्या जाळीवर पांढरी खपली, बादलीच्या काठावर भुरकट कडा, शॉवरची निम्मी भोकं बुजलेली, साबणाला फेस नाही, एवढं दिसलं तर गिझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन यांचं आयुष्य कमी धरावं. स्वयंपाकघरातल्या आरओने अंघोळीचं पाणी सुधारत नाही. त्यासाठी इमारतीच्या टाकीवर मीठ घालून चालणारा सॉफ्टनर लागतो आणि त्यात मीठ वेळेवर पडतं का, हे वॉचमनला विचारावं, मालकाला नव्हे.

गुरुवार, संध्याकाळ

चार वाजता ढग, सहाला पाऊस. इथला मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरातला, पण मे महिन्यातली संध्याकाळही रस्ते भरून टाकते. कोकणासारखी झड नाही. तासाभरात जे पडायचं ते पडून जातं, आणि ते वाहून न्यायचं काम राजकालुव्यांचं. राजकालुवे म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात पाणी नेणारे जुने मोठे नाले. त्यांवर बांधकामं झाली, त्यांची रुंदी गेली. सप्टेंबर २०२२ मध्ये बेलंदूर, यमलूर भागात लोकांना ट्रॅक्टरमधून बाहेर काढावं लागलं, त्यात कोट्यवधींचे बंगलेही होते. मे २०२५ मध्ये होरमावूची साई लेआउट बुडाली. महाग वस्ती म्हणजे कोरडी वस्ती, असं समीकरण इथे चालत नाही.

थोडं कन्नड कामी येतं. केरे म्हणजे तळं, कोडी म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी सांडतं ती जागा. गल्लीच्या नावात यांतलं काही सापडलं तर दोन मिनिटं जास्त थांबावं. उपग्रह नकाशावर जवळचं तळं शोधून त्याच्या खालच्या अंगाला आपली इमारत आहे का ते बघावं. मग तळमजल्याच्या भिंतीवर गुडघ्याएवढी मळकट रेघ किंवा तेवढाच नवा रंग, बेसमेंटच्या उतारावर आडवा उंचवटा आहे का, पाणी उपसायचा पंप आहे का, आणि विजेचे मीटर बेसमेंटमध्ये आहेत की वर. मीटर बुडाले तर सहाव्या मजल्यावरचाही दोन-तीन दिवस अंधारात, लिफ्टशिवाय. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं तर कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं ते तो हात दाखवून सांगतो.

शुक्रवार

पैशांची गोष्ट. पुण्यात दोन-तीन महिन्यांची अनामत देऊन आलेल्याला इथला आकडा झोंबतो. दहा महिन्यांचं भाडं ही जुनी रीत; आता पाच-सहावर बरेच मालक येतात, पण मागून बघावं लागतं. ३५,००० भाड्याला सहा महिने म्हणजे २,१०,००० अडकले. त्यातून घर सोडताना ‘पेंटिंग’ म्हणून एका महिन्याचं भाडं कापायची प्रथा आहे, दोन वर्षं राहा की आठ महिने. घासाघीस करायची ती भाड्यावर कमी आणि या कलमावर जास्त. एक वर्षाच्या आत सोडलं तर किती, नंतर किती, आणि उरलेली अनामत किती दिवसांत परत, हे तीन आकडे करारात हवेत.

‘लीज’ हा शब्द इथे जपून ऐकावा. आपल्याकडे लीज म्हणजे भाडेकरार. बेंगळुरूत टू-लेटशेजारी ‘लीज’ लिहिलं असेल तर तो भोग्याचा व्यवहार. एकरकमी काही लाख द्यायचे, दरमहा भाडं शून्य, मुदत संपली की रक्कम परत. ऐकायला गोड. पण ते घर आधीच बँकेकडे गहाण असेल आणि मालकाचे हप्ते थकले तर बँक दाराशी येते आणि आपले लाख मालकाच्या खिशात राहतात. नव्याने शहरात आलेल्याने, कागद बघणारा वकील सोबत नसताना, या वाटेला जाऊ नये असं स्पष्ट मत.

महाराष्ट्रात भाड्याचा करार कितीही महिन्यांचा असो, नोंदवावा लागतो. अंगठा घ्यायला एजंट यंत्र घेऊन घरी येतो. इथे सहसा ११ महिन्यांचा करार ई-स्टॅम्पच्या कागदावर होतो आणि नोंदणी होत नाही, कारण नोंदणीची सक्ती एक वर्षाहून जास्त मुदतीला आहे. ‘पुण्यात असं नसतं’ म्हणून अडून बसण्यापेक्षा लॉक-इन, म्हणजे घर सोडता न येण्याचा किमान काळ, किती आहे ते बघावं. पहिल्या करारात तीन महिन्यांच्या वर लॉक-इन नको. बाजू चुकली हे तोवर कळतं. त्याच बैठकीत वीजबिलावरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, टिपून घ्यावा. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या मर्यादेत भाडेकरूलाही वीजबिलात सवलत मिळते, पण आधीच्या भाडेकरूचा आधार क्रमांक त्या नंबराला चिकटलेला असला तर तो आधी सोडवून घ्यावा लागतो.

शनिवार

मुलं असतील तर क्रम बदलतो. आधी शाळा, मग तिच्या बसच्या टप्प्यातलं घर. २०१५ च्या कायद्याने इथल्या सीबीएसई, आयसीएसई शाळांतही कन्नड शिकवावं लागतं. पहिलीतलं मूल सहज उचलतं. सातवी-आठवीत येणाऱ्यासाठी शाळा नेमकं काय करते, ते फी भरायच्या आधी विचारावं. बऱ्याच शाळांचं वर्ष जूनला सुरू होतं, त्यामुळे एप्रिलात घर, मेमध्ये सामान हा क्रम जमतो, आणि पाण्याची परीक्षाही ऐन टंचाईतच होते.

गाडी आणायची का, हा प्रश्न वस्तीशी जोडलेला आहे. मेट्रोजवळ घर मिळालं तर एक गाडी गावीच ठेवलेली बरी. एमएच क्रमांकाची गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे राहिली की नोंदणी बदलावी लागते. त्यासाठी जुन्या आरटीओचं ना-हरकत म्हणजे फॉर्म २८, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, आणि कर्नाटकचा आजीवन कर आधी भरायचा. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा परतावा मागाहून, चिकाटीने मागत राहिलात तर. ना-हरकत निघताना काढून आणलं नाही तर त्यासाठी परत एक फेरी.

एक गोष्ट यादीत क्वचितच येते. पुणे, सातारा, कोल्हापूरहून येणाऱ्या बसगाड्या हुबळी, दावणगेरे, तुमकुरूमार्गे पीण्या-यशवंतपूरच्या बाजूने शहरात शिरतात. आईवडील वर्षातून तीन-चारदा येणार असतील तर राजाजीनगर, मल्लेश्वरम, यशवंतपूर त्यांना सोपं; पहाटे साडेपाचला उतरून वीस मिनिटांत घरी. इलेक्ट्रॉनिक सिटीला घर असेल तर तिथून पुढे सगळं शहर ओलांडायचं राहतं, आणि बस दोन तास उशिरा आली तर ते ऐन साडेसातच्या गर्दीत.